सरकीच्या तेलाचा डबा

३ डिसेंबर १९७८

सरस पुन्हा गोठला. बाबा सकाळी सातला कामाच्या खोलीत गेले आणि पावणेआठला बाहेर आले, हात बगलेत घालून. "दही झालं रे सरसाचं," एवढंच म्हणाले. मग चुलीपाशी बसून बोटं शेकत राहिले. माय भाकरी थापत होती. तिला हात हलवायला जागा नाही, यांना बसायला जागा नाही.

आत्ता कुठं मार्गशीर्ष लागलाय. पौष अजून पुढेच आहे.

आठ बाजाच्या पेट्या येऊन पडल्यात, आसपासच्या गावांतल्या भजनी मंडळांच्या. एकीचा भाता फाटलाय, एकीत उंदरानं घर केलंय, एकीचा मधला सा मुकाच. सगळ्यांना संक्रांतीच्या आत हव्यात. शेती आमची चार एकर, पण आर्वीपर्यंत बाबांना ओळखतात ते अण्णाजी पेटीवाले म्हणून. पेटीतला एकेक पितळी सूर कानसीनं घासून ते जागेवर आणतात. बोटं आखडली की कानस एकदा जास्त फिरते, आणि सूर गेला. गेला तो गेलाच.

माय म्हणते अंगणात उन्हात बसा. पण अंगणात कोंबड्या, बैलांच्या घंटा, येणारा-जाणारा. बाबांना सूर ऐकू यायला दार बंद लागतं. दार बंद म्हणजे ती उत्तरेकडची खोली, आणि खोली म्हणजे थंडगार विहीर.

मी बी. ए. होऊन दीड वर्ष झालं. मी काय करतो? लिहितो. तेही रजई पांघरून.

५ डिसेंबर

आज जेवताना ऊब कशी करायची यावर बैठक बसली. माय, बाबा, मी.

लाकडं – धूर होतो, बाबांना दमा. कोळसा – आर्वीहून आणायचा, रोज एक पाटी लागणार, परवडत नाही. रॉकेल – रेशनचं, कंदिलालाच पुरत नाही. कापसाच्या पऱ्हाट्या – "त्या त जावयाच्या रागासारख्या," माय म्हणाली, "भडकन पेटते अन् चहा ठेवेपर्यंत इझते." विजेचा हीटर – बाबांच्या मनात तोच होता. कापूस विकला तेव्हा त्यासाठी थोडे पैसे काढून त्यांनी पेटीच्या खोक्यात ठेवले होते.

मग मी भाषण दिलं. गावातली वीज म्हणजे काजवा. हीटर लावला की बल्बची तार नुसती लाल दिसेल. बिल वेगळं. त्यापेक्षा भुशाची शेगडी! वर्ध्याला होस्टेलच्या खानावळीत रोज पाहायचो. डब्यात लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मधे भोक ठेवायचं, खालून पेटवायचं. पाच तास निखारा, धूर नाही. आर्वीच्या आरा मशीनवर भुसा फुकट मिळतो.

सगळं खरं. एकही शब्द खोटा नाही.

पण खरं कारण इथं लिहितो. आमचं अनियतकालिक काढणाऱ्या ओमप्रकाशचं परवा कार्ड आलं – आपला अंक कागदावाचून अडलाय, काही जमतं का पाहा. अंकात माझी गोष्ट आहे. अकरा पानं, एकही पूर्णविराम नाही. मी बोलत होतो शेगडीवर, डोळ्यापुढे होता तो खोका.

बाबांनी ऐकून घेतलं. "जमन का तुले?"

"न जमायला काय झालं?"

मग ते उठले, खोका उघडला, पैसे माझ्या हातावर ठेवले. "मंग हे तूच ठेव. तुया पुस्तकाले लागतीन."

मी 'नको' म्हणालो नाही. एकदा तोंडदेखलंही नाही.

६ डिसेंबर

मनीऑर्डर केली. पोस्टातून बाहेर पडताना शीळ घालत होतो, हे आत्ता लिहिताना आठवलं.

९ डिसेंबर

डबा मिळेना. किराणा दुकानदार म्हणाला, तेलाचा रिकामा डबा सोमवारी देतो. सोमवारपर्यंत थांबायला काय हरकत होती? पण मला थांबता येत नाही. कुठलीच गोष्ट मी थांबून केली नाही.

शेतातल्या खोपडीत फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे पडले होते. त्यातला मोठा उचलला. वर लाल कवटी, खाली दोन हाडकं. विहिरीवर नेला, राख घालून घासला. वाळू घालून घासला. पुन्हा राख. विटेच्या तुकड्यानं कवटी खरवडून काढली, सगळी जाईपर्यंत. हुंगून पाहिला. वास होता, थोडा. म्हटलं, आगीत काय शिल्लक राहतं? जळून जाईल.

कवटी का खरवडली मग? शेगडीवर चित्र असलं तर काय बिघडतं? म्हणजे मला माहीत होतं. लिहून ठेवतो – मला माहीत होतं.

डबा घेऊन कवडूकडे गेलो. कवडू गावातला एकटाच कल्हईवाला. डबे-चाळण्याही तोच करतो. पिंपळाजवळ त्याचं टपरीएवढं दुकान, भट्टी, भाता. त्यानं डबा हातात घेतला, फिरवला, आत नाक घातलं.

"खुशालभाऊ, कायचा डबा हाय हा?"

"सरकीच्या तेलाचा."

"वास येऊन राह्यला न पन."

"जुनं तेल आहे. खवट झालंय."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. पुन्हा हुंगलं. "असन बाप्पा. तुमी शिकेल मानसं, तुमाले आमच्यापरीस जास्त समजते." आणि कात्री घेतली.

तासाभरात शेगडी तयार. खाली तोंड, वर कडं, तीन पाय. काम सुंदर. म्हणाला, "शिशाची झाळ नाई लावली हं, समदे रिबीट मारले. झाळ त आगीवर वितळून जाते." पैसे दिले तर अर्धेच घेतले. "अण्णाजींसाठी हाय न. माह्या बापाच्या मयतीत त्याहीनंच भजन धरलं होतं."

११ डिसेंबर

पेटली! भुसा ठासला, मधला दांडा अलगद काढला, खालून कागद पेटवून घातला. आधी जरा पिवळा धूर, उग्र. मग लाल, शांत निखारा. पंधरा मिनिटांत खोली उबदार. सरस पाण्यासारखा. बाबांनी दार लावलं आणि जेवायची हाक येईपर्यंत बाहेर आले नाहीत. मुका सा बोलला.

माय म्हणाली, "बाई बाई, माह्या पोराच्या हातून काई झालं म्हनायचं. आजचा दिस भितीवर लिहून ठेवा."

बाबा हसले. मीही हसलो.

१३ डिसेंबर

आता मीही त्याच खोलीत बसतो, कोपऱ्यात वही घेऊन. ऊब फुकट मिळते. ते घासतात, मी लिहितो. आज डोकं दुखलं. बिड्या कमी करायला हव्यात.

१४ डिसेंबर

बाबांना जेवण गेलं नाही. म्हणाले तोंडाला पाणी सुटतं. डोळे लाल. मी विचारलं, शेगडी बंद ठेवायची का? विचारलं, पण असं विचारलं की उत्तर 'नको'च यावं. 'नको' आलं.

मी मात्र आज बाहेर सपरीत बसून लिहिलं. म्हटलं उजेड बरा आहे. उजेड!

१६ डिसेंबर

दवाखान्यातून लिहितो आहे. आर्वी.

काल दुपारी खोलीतून पेटीचा एकच सूर येत राहिला. लांब. मला वाटलं बाबा तपासताहेत. मग सूर थांबला आणि काहीतरी पडलं. दार उघडलं. ते जमिनीवर, उलटीत. तोंडाला फेस. श्वास शिट्टीसारखा. हात थडथडत होते. बैलगाडीनं सडकेपर्यंत, तिथून एसटीनं. वाटेत मायनं गिरडच्या दर्ग्यातल्या बाबाला नवस बोलला. मी काही बोललो नाही. कोणालाच.

डॉक्टर तरुण आहे, माझ्याच वयाचा असेल. बॅटरी मारून डोळे पाहिले. मग मला बाजूला घेतलं.

"फवारणीचं औषध घरात आहे का? हाताळलं का त्यांनी?"

"नाही."

"नीट आठवा. भांड्यात, डब्यात, धान्याजवळ कुठे?"

"नाही."

"मग झालं कशानं?"

"खोलीत शेगडी होती. भुशाची. दार बंद."

त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. माझी पँट, चष्मा, खिशाचं पेन. आणि विश्वास ठेवला. पेन पाहून ठेवला.

दोनदा विचारलं. दोनदा नाही.

१७ डिसेंबर

सकाळी पुन्हा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. आत माणसं होती. परत आलो. नंतर माणसं गेली. तेव्हाही गेलो नाही.

१८ डिसेंबर

डॉक्टर स्वतःच मायला म्हणाला, "धुराचं असो, कशाचं असो, मी औषध विषाचंच दिलं. लागू पडलं." म्हणजे तो माझ्या 'नाही'वर थांबला नाही. बाबा वाचले ते मला खोटं ठरवून वाचले.

आनंद झाला. खूप. आणि त्याच्या मागोमाग, लगेच – चला, आता सांगायची गरज उरली नाही. हा विचार माझाच. माझ्याच डोक्यातून आला.

१९ डिसेंबर

कपडे घ्यायला गावी आलो. पहिलं काम – शेगडी शेतात नेऊन पुरली. कुदळीनं कंबरभर खड्डा केला. आयुष्यात एवढी मेहनत कधी केली नाही.

२० डिसेंबर

हे लिहावंच लागेल.

मायही आज कोंबड्या-बैलांचं पाहायला एक दिवस घरी आली. 'विष' हा शब्द तिनं ऐकला होता. विष कुठून आलं? भुसा तर लाकडाचा. डबा तेलाचा. मग उरला कोण? ती तडक कवडूच्या दुकानावर. मी मागे. बाया कल्हईला भांडी घेऊन बसल्या होत्या, संक्रांत जवळ आली ना.

"काऊन रे कवडू, काय लावलं तू त्या शेगडीले? शिसं लावलं न?"

कवडू भाता सोडून उभा राहिला. "काकी, शेगडीले झाळच नाई लावली. रिबीट मारले. खुशालभाऊले इचारा, त्याहीच्या समोर केलं."

"मंग माह्या घरात इख आलं कोठून?"

"डब्याले वास येत होता, काकी. म्या इचारलं होतं. डबा खुशालभाऊनं आनला."

माय म्हणाली, "माहा पोरगा बी. ए. हाय, कवडू. तो इखाचा डबा आनन बापासाठी?"

सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. कवडूनंही पाहिलं. रागानं नाही. वाट पाहत होता. मी आता बोलेन, एक शब्द, आणि मिटेल, असा चेहरा होता त्याचा. भट्टीत कोळसा तडतडला.

मी म्हणालो, "चल माय, घरी चल."

मागून एक बाई म्हणाली, "शेगडीले शिसं लावनारा कल्हईले कायचं कथील लावते बाप्पा?" तिनं आपला पितळेचा गंज उचलला. मग दुसरीनं उचलला.

कल्हईत शिसं मिसळणारा! आमच्याकडे कल्हईवाल्याला यापेक्षा मोठी शिवी नाही. लेकराबाळांच्या पोटात विष घालणारा म्हणजे. आणि ती शिवी त्याला चिकटली माझ्या तोंडातून न निघालेल्या एका वाक्यानं.

२१ डिसेंबर

कवडू असा का पाहत होता?

२५ डिसेंबर

गोष्ट लिहिली. एका बैठकीत. एक कल्हईवाला, गावाला हळूहळू विष पाजतो, चकचकीत भांड्यांतून. क्रियापदं नाहीत. मधेमधे दम्याच्या श्वासाचे आवाज, नुसती अक्षरं – स् स् ह्. बाबांचे आवाज. दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून मी ते मोजून वहीत टिपले होते, तेव्हाच.

लिहून झाल्यावर बरं वाटलं. हे सगळ्यात वाईट. ओमप्रकाशला पोस्टानं पाठवली.

२ जानेवारी १९७९

ओमप्रकाशचं कार्ड. "जबरदस्त. तुझ्या कल्हईवाल्याची भीती वाटते. असा माणूस खरंच असेल असं वाटतं."

४ जानेवारी

शालूबाई आली होती – कवडूची बायको. बाबा कालच घरी आले, त्यांना पाहायला म्हणून. डोक्यावर पदर, हातात झाकलेला गंज. गंजात वरणफळं.

"काकी, हे अण्णाजीसाठी. हा गंज आमच्या घरचा हाय, ह्याहीनंच कल्हई केली. माहे लेकरं रोज यातच जेवते. यात शिसं असतं त म्या त्याहीले वाढलं असतं का?"

मायनं गंज घेतला नाही, परतही केला नाही. शालूबाई उभीच. मी आतल्या खोलीत दाराआड. बाबा बाजेवर पडले होते. तेच म्हणाले, "आन इकडे." उठून बसले आणि त्याच गंजातून खाल्लं. हात कापत होता, वरण धोतरावर सांडत होतं. सगळं संपवलं.

शालूबाई रडली. म्हणाली, "पंधरा रोज झाले, एक भांडं आलं नाई दुकानावर."

बाबा म्हणाले, "येतीन, पोरी." आणखी काहीतरी बोलणार होते. पण भिंतीकडे तोंड करून पडले.

७ जानेवारी

बाबांनी कानस हातात घेतली. हात थांबत नाही, कापतो. डॉक्टर म्हणाला होता, कंप महिन्या-दोन महिन्यांत जाईल, कदाचित. बाबांनी कानस फडक्यात गुंडाळून ठेवली. मंडळवाले येऊन आपापल्या पेट्या नेऊ लागले. पाच गेल्या. प्रत्येकजण निघताना म्हणतो, "तब्येत सांभाळजा अण्णाजी," आणि मग आवाज बारीक करून, "त्या कवडूले सोडू नका." बाबा मान खाली घालून दोरी बांधून देतात.

खोली पुन्हा गार आहे. आता ऊब कोणाला हवी?

१० जानेवारी

उद्या सांगतो.

११ जानेवारी

उद्या.

१३ जानेवारी

गेलो. सकाळी आंघोळ करून गेलो, काय बोलायचं ते पाठ करून. आधी कवडूला, त्याच्या दुकानावर, चार माणसं असतील तर बरंच. मग मायला.

दुकानाला कुलूप. घरालाही. शेजारची रुख्माबाई अंगण सारवत होती. म्हणाली, परवाच गेले, शालूबाईच्या माहेरी. लेकरं-बिकरं घेऊन.

"कधी येणार?"

"कायचा येते आता? भाता इकून गेला न तो."

कल्हईवाल्यानं भाता विकला. मी तिथंच उभा राहिलो. रुख्माबाई म्हणाली, "तुमचं काई काम होतं का? भांडं-गिंडं राह्यलं का त्याच्यापाशी?"

मी हो म्हणालो. म्हणालो, एक भांडं राहिलंय. इथंही खोटं!

१४ जानेवारी

माय वाणाला गेली होती. बाबांना सांगितलं. डबा, कवटी, डॉक्टर, कवडू, सगळं. एका दमात.

त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "दहा साल फवारलं म्या ते औषद. पैल्याच रोजी वास ओळखला."

"मग का बसलात तिथं?"

"वाटलं, दोन रोजात जळून जाईन. अन् तू पैल्यांदाच माह्यासाठी काई केलं होतं."

त्यांनी फडक्यातली कानस उघडली, पुन्हा गुंडाळली.

"कवडूचं म्याही बोलू शकत होतो," ते म्हणाले. "नाई बोललो. तुयं नाव आलं असतं."

हे म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.